सीटी स्कॅनची बारकाई ५१२वरच का थांबली?

नागपूरच्या रामदासपेठ-धंतोलीतल्या एखाद्या सेंटरवर सीटी स्कॅन काढायला आलेले नातेवाईक हमखास विचारतात, "मशीन किती स्लाइसचं आहे?" कोविडने ही सवय पक्की केली. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने एचआरसीटीचे (छातीच्या बारीक सीटीचे) कमाल दर ठरवले, तेही स्लाइसप्रमाणेच: १६हून कमी स्लाइसच्या यंत्राला २,००० रुपये, १६ ते ६४ला २,५०० आणि त्यापुढे ३,०००. पण स्लाइसच्या, म्हणजे एका फेरीत मिळणाऱ्या कापांच्या, आकड्यावरून कळतं ते मुख्यतः यंत्र एका फेरीत शरीराचा किती भाग टिपतं एवढंच. चित्र किती बारीक येणार, हे डिटेक्टरच्या (किरण टिपणाऱ्या भागाच्या) घटकाचा आकार, क्ष-किरणांच्या उगमबिंदूचा आकार, चित्र तयार करणाऱ्या गणनेची पद्धत आणि चित्रातल्या चौकोनांची संख्या यांवर ठरतं.

सीटीचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू तपासला गेला १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात. चित्र होतं ८० बाय ८० चौकोनांचं, म्हणजे अवघे ६,४०० ठिपके. तेवढ्यातही मेंदूतली गाठ दिसली. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना सीटीच्या शोधासाठी नोबेल मिळालं. पुढच्या दशकात ५१२ बाय ५१२ चौकोनांचं चित्र रूढ झालं आणि रोजच्या कामात आजही बहुतेक ठिकाणी तेच आहे. ३५ सेंटिमीटर रुंदीची छाती त्यात मांडली, तर एक चौकोन ०.६८ मिलिमीटरचा होतो, १०२४ बाय १०२४मध्ये ०.३४चा.

दरम्यान यंत्रं कुठल्या कुठे गेली. १९८९च्या सुमारास स्पायरल स्कॅनिंग (न थांबता गोल फिरत टिपणं), १९९८ मध्ये चार स्लाइस, काही वर्षांत ६४. एका श्वासात छाती होऊ लागली, काप पातळ झाले. चौकट मात्र ५१२चीच राहिली, आणि याला सबळ कारण होतं.

अंगणात चार पराती काढून शंभर वाट्या मांडल्या, तरी पाऊस तेवढाच पडतो. चौकोन लहान केले की प्रत्येकाच्या वाट्याला किरण कमी येतात आणि चित्रात दाणे उठतात. ब्रुक्स आणि डी किरो या संशोधकांनी १९७६ मध्येच हे गणितात मांडलं: बारकाई तिन्ही दिशांना दुप्पट हवी आणि दाणे वाढू द्यायचे नसतील, तर किरणांची मात्रा १६ पट लागते. छातीचा साधा सीटी साधारण ५ ते ७ मिलिसीव्हर्टचा (शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेचं एकक) असतो. त्याच्या सोळापट विचारातही घेता येत नाही. शिवाय एक चित्र अर्ध्या एमबीवरून दोन एमबीवर जातं. छातीची तीनशे चित्रं धरली, तर १५० एमबीचे ६०० होतात, तेही दर रुग्णामागे.

हा हिशेब अलीकडे बदलला. आधी दाणे कमी करणारी गणना आली, मग तेच काम करणारं डीप लर्निंग (चित्रांवरून शिकणारी संगणकप्रणाली). २०१८च्या सुमारास पाव मिलिमीटरच्या डिटेक्टरचं जपानी यंत्र बाजारात आलं. सप्टेंबर २०२१ मध्ये फोटॉन, म्हणजे किरणांचा एकेक कण, सुटा मोजणाऱ्या सीटीला अमेरिकेत मंजुरी मिळाली.

तरी सरसकट १०२४ला माझा विरोध आहे. फुप्फुसाच्या जाळीदार आजारात ते जरूर वापरावं: दोन खंडांमधली फटीची रेघ सलग आहे की तुटक, कडेच्या पोकळ्या सुट्या आहेत की एकमेकींना चिकटलेल्या, हे तिथे उमगतं. हृदयातल्या स्टेंटलाही फायदा होतो. यकृतातली फिकट गाठ मात्र दाण्यांत हरवते, तिथे बारकाई उलट घातक. मेंदूतला रक्तस्राव किंवा मुतखडा ५१२वर चांगला दिसतो. कानाच्या हाडासाठी तर फक्त १० सेंटिमीटरचा भाग घेतला, की ५१२मध्येच ०.२ मिलिमीटरचा चौकोन मिळतो. जुन्या डिटेक्टरवरचा डेटा नुसताच १०२४मध्ये पसरवला, तर हार्ड डिस्क तेवढी भरते.

नागपूरचा एक प्रश्न वेगळा आहे. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेला रुग्ण पिशवीत फिल्म घेऊन डॉक्टरपुढे बसतो. चौदा बाय सतरा इंचांच्या फिल्मवर वीस-तीस चित्रं असतात. त्यावर ५१२ आणि १०२४ मधला फरक डोळ्यांना जाणवत नाही, मोबाइलवर काढलेल्या फोटोत तर नाहीच. बारकाईसाठी जास्त किरण दिले असतील, तर फिल्मसोबत मूळ चित्रांची सीडी किंवा लिंक द्यायलाच हवी, आणि ती उघडून बघण्याची सोय ओपीडीच्या टेबलावरही असायला हवी.