पेटी गोव्याची, चौथरा फ्लोरेन्सचा

जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर कुठे आहेत हे कुणाला सांगायला नको. मुख्य वेदीकडे तोंड केलं की उजव्या हाताला, उंचावर, चांदीची पेटी. 3 डिसेंबरचं फेस्त, दहा वर्षांनी होणारं शवप्रदर्शन, 1552 साली चीनच्या किनाऱ्याजवळ सांचियान बेटावर आलेला मृत्यू, हे सगळं लोकांना पाठ असतं. आणि तेच लोक फोटोखाली बिनधास्त लिहितात: ‘मेदिचींनी भेट दिलेली, फोज्जिनीने घडवलेली इटालियन पेटी.’

मेदिची म्हणजे फ्लोरेन्सवर राज्य करणारं घराणं आणि फोज्जिनी त्यांच्या दरबारचा शिल्पकार. पेटीपुरतं हे साफ चूक आहे. पेटीच्या खालच्या दगडी चौथऱ्यापुरतं मात्र यातला शब्द न् शब्द बरोबर आहे. दोन वस्तू एकमेकींवर ठेवलेल्या, फोटोत एकाच चौकटीत येणाऱ्या, म्हणून एकीचं श्रेय दुसरीला चिकटतं. त्यातही ज्यांचं श्रेय जातं ते गोव्याचे सोनार, हे जास्त खुपतं.

आधी सालं. पेटी 1636-37 मधली. चौथरा जुळवला गेला 1698 मध्ये. म्हणजे वरची वस्तू खालच्या वस्तूपेक्षा साठ वर्षांनी जुनी आहे. पेटी झाली तेव्हा फोज्जिनी जन्मलाही नव्हता. त्याचा जन्म 1652 चा.

घोळाचं मूळ बहुधा मार्सेल्लो मास्त्रिल्ली या माणसात आहे. हा नेपल्सचा जेझुइट, म्हणजे झेवियरच्याच संघाचा पाद्री. डोक्यावर हातोडा पडून मरणाच्या दारात गेला आणि झेवियरच्या कृपेने वाचलो अशी त्याची श्रद्धा होती. नवस फेडावा तसा तो गोव्याला आला, पेटीचं काम मनावर घेतलं, पुढे जपानला गेला आणि 1637 मध्ये नागासाकीत मारला गेला. पेटीमागचा माणूस इटालियन म्हणून पेटीच इटालियन ठरली. हात मात्र गोव्याच्या सोनारांचे. त्यांची नावं प्रसिद्ध नाहीत, मास्त्रिल्लीचं आहे. असं झालं की श्रेय कुठे जातं ते ठरलेलंच.

दुसरं इटालियन नाव तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा, मेदिची घराण्यातला. संताच्या डोक्याखालची उशी त्याला मिळाली आणि त्याची परतफेड म्हणून त्याने समाधीचा चौथरा पाठवला, अशी सर्वमान्य हकिकत आहे. उशीच्या बदल्यात आला तो चौथरा, पेटी नव्हे. ती साठ वर्षं आधीपासून गोव्यातच होती.

सालं विसरली तरी चालतील. धातूचं काम ओळखता आलं तर समोर उभं राहून कळतं, आणि लोक अडखळतात ते नेमके इथेच. वर चांदीत प्रसंग कोरल्यासारखे, खाली चौथऱ्याला लावलेल्या काशाच्या पट्ट्यांत प्रसंग कोरल्यासारखे, दोन्हीकडे झेवियरचं चरित्र. मग दोन्ही एकाच हातचं वाटतं. प्रत्यक्षात दोन्हीकडे ‘कोरलेलं’ फारसं काहीच नाही.

पेटीवरचं काम पत्र्याचं आहे. देवाच्या प्रभावळीचं, मुखवट्याचं काम पाहिलेल्याला ते लगेच उमगेल. चांदीचा पत्रा तापवून मऊ करायचा, राळेच्या थरावर पालथा बसवायचा आणि मागून ठोकून आकार फुगवायचे. मग पत्रा उलटवून पुढून बारीक कलमांनी डोळे, बोटं, वस्त्राच्या चुण्या काढायच्या. ठोकताना चांदी कडक होत जाते, म्हणून मधूनमधून पुन्हा तापवावी लागते. आळस केला तर उठावाच्या टोकावर, म्हणजे नाकावर, गुडघ्यावर पत्रा चिरतो. उठाव जितका उंच तितका पत्रा तिथे पातळ, म्हणून या कामात आकृती फार पुढे काढता येत नाही. तयार पत्रे लाकडी सांगाड्यावर बसवतात. झेवियरच्या चरित्रातले 32 प्रसंग पेटीभर आहेत ते असे, लहान लहान चौकटींत. माथ्यावर क्रूस आणि दोन देवदूत. त्यातल्या एकाच्या हाती संताचे शब्द आहेत: ‘पुरे, प्रभू, पुरे.’

काशाच्या पट्ट्या ओतीव आहेत. आधी मेणात आकृती, मेणाभोवती मातीचं कवच, कवच भाजलं की मेण वितळून बाहेर आणि त्याच्या जागी रस. पत्रा चिरण्याची भीती इथे नाही, पण हवा कोंडली की भोकं पडतात आणि रस मधेच थिजला की आकृतीचा भाग येतच नाही. मग ठिगळ मारावं लागतं. ओतल्यानंतर छिन्नीने साफसफाई करायला ओतण्यापेक्षा जास्त वेळ जातो. मोबदल्यात मिळते ती खोली: पुढची माणसं जवळजवळ सुटी उभी, मागची उथळ होत होत पार्श्वभूमीत विरघळणारी. एका पट्टीत एवढे थर दिसले की ते पत्र्याचं काम नाही हे पक्कं समजा.

फोज्जिनी याच खोलीचा उस्ताद. कोझिमोनेच त्याला 1673 मध्ये रोमला धाडलं. तिथे फ्लोरेन्सच्या मुलांसाठी दरबाराने चालवलेल्या शाळेत शिल्पाला एर्कोले फेर्राता आणि चित्रकलेला चिरो फेर्री असे गुरू होते. 1676 मध्ये परतल्यावर त्याला फ्लोरेन्सच्या कार्मिने चर्चमधल्या कोर्सिनी कपेलाचं (चर्चच्या आतल्या छोट्या प्रार्थनास्थळाचं) काम मिळालं. तिथल्या संगमरवरी उठावांत आंगियारीच्या लढाईचा प्रसंग आहे, आणि दगडातही घोडे पुढे उसळतात व आभाळ मागे पुसट होतं. 1687 मध्ये तो दरबारी शिल्पकार झाला आणि फ्लोरेन्सच्या बोर्गो पिंती रस्त्यावरची, जुना शिल्पकार जांबोलोन्या याच्यापासून चालत आलेली ओतशाळा त्याच्या हाती आली. 1694 पासून दरबाराचा वास्तुशिल्पीही तोच. गोव्याचं काम याच काळातलं. तो बड्या कारखान्याचा सूत्रधार होता. त्यामुळे चौथऱ्याचा प्रत्येक दगड त्याने स्वतः छिनला अशी कल्पना नको. आराखडा त्याचा, राबणारे हात पुष्कळ.

फोज्जिनी गोव्यात कधी आला नाही. आला तो दरबारी कारखान्यातला प्लाचिदो रांपोनी. सुटे भाग त्याच्याबरोबर समुद्रमार्गे आले आणि 1698 मध्ये त्याने ते कपेलात जुळवले. तळाशी तांबूस-जांभळट रंगीत दगड आणि त्यावर पांढऱ्या संगमरवराचं कोरीव काम. त्याच्यावरच्या टप्प्यात चार बाजूंना काशाची एकेक पट्टी: उपदेश, बाप्तिस्मा, आजच्या इंडोनेशियातल्या मोरो बेटावर जिवावर बेतलेला प्रसंग आणि सांचियानवरचा मृत्यू. त्यावर कठडा, आणि मग पेटी. पट्ट्या चार दिशांना असल्याने एका जागी उभं राहून चारही दिसणं शक्य नाही. शिवाय काळपट काशाकडे नजर जातच नाही. लोक वरच्या चकाकीचा फोटो काढून पुढे सरकतात. माझ्या मते या कपेलातली सर्वांत दुर्लक्षित चीज म्हणजे त्या चार पट्ट्या. मोबाइल वर धरण्याआधी डोळे जरा खाली आणावेत.

दोन्ही बरोक, म्हणजे सतराव्या शतकातल्या भपकेबाज युरोपी शैलीतले का, असंही विचारतात. हो, पण पेटीवर आराखडा युरोपी आणि ठोका गोव्याचा, चौथऱ्यावर दोन्ही फ्लोरेन्सचे. यापलीकडे या वादात दम नाही.

फोटोखाली काय लिहावं? वरच्यासाठी ‘चांदीची पेटी, गोव्याचे सोनार, 1636-37’. खालच्यासाठी ‘समाधीचा चौथरा, जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी, फ्लोरेन्स, जुळणी 1698’. एकच ओळ लिहायची असेल तर ‘फोज्जिनीची पेटी’ सोडून काहीही लिहा.

आणि रोमचा विख्यात बरोक शिल्पकार बर्निनी याचं नाव तर कृपा करून नको. तो 28 नोव्हेंबर 1680 रोजी वारला, तेव्हा फोज्जिनी अठ्ठावीस वर्षांचा होता. नातं जोडायचंच असेल तर गुरूमार्गे जुळतं: रोममध्ये सांतांजेलो पुलावर बर्निनीच्या देखरेखीखाली जे देवदूत उभे राहिले, त्यांतला क्रूस धरलेला देवदूत एर्कोले फेर्रातानेच घडवला आहे.