‘जुनी गिरणी’ पाहा: एकात्मिक शोधाची पार्श्वभूमी

सोलापुरात कुणालाही ‘जुनी गिरणी’ कुठे म्हणून विचारले तर तो हात करून दिशा दाखवील. ग्रंथालयाच्या संगणकावर तेच दोन शब्द टाकले, तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. कागदोपत्री ही गिरणी म्हणजे ‘शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’. तिच्याविषयीची बरीचशी माहिती याच इंग्रजी नावाखाली बसली आहे, आणि तीही एका जागी नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड सोलापूर जिल्ह्याचा, १८८४ सालचा. गिरणीची सुरुवातीची वर्षे त्यात. १९४९ मध्ये गिरणी बंद पडली आणि पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने खास कायदा करून तिचा कारभार हाती घेतला. तो कायदा संसदेच्या कागदपत्रांत. भागधारक त्याविरुद्ध न्यायालयात गेले. ‘चिरंजितलाल चौधरी’ (१९५०) आणि ‘द्वारकादास श्रीनिवास’ (१९५३) हे दोन्ही निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या निकालसंग्रहात, आणि मालमत्तेच्या हक्काचा अभ्यास करणारा प्रत्येक कायद्याचा विद्यार्थी ते वाचतो. त्यातल्या कितीजणांना ठाऊक असते, की ही आपल्या शहरातली जुनी गिरणी आहे? कामगारवस्त्या, संप, तेलुगू विणकरांचे इथे येऊन स्थायिक होणे यांवरचा अभ्यास विद्यापीठांच्या प्रबंधांत. आणि गिरणीच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस चालला त्यांच्या आठवणी मराठी दैनिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या पिवळ्या पानांत.

म्हणजे एका विषयासाठी पाच दारे, आणि प्रत्येक दारी नाव वेगळे सांगायचे. ‘एकदाच विचारतो, सगळीकडून उत्तर येऊ द्या’ ही वाचकाची मागणी यातून येते. तिला आज एकात्मिक शोध म्हणतात. पण ही धडपड संगणकाच्या फार आधीची आहे.

मराठीत तिचा सर्वांत मोठा दाखला शंकर गणेश दाते यांचा. १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी ग्रंथांची त्यांनी सूची केली, आणि पुढच्या खंडात ती १९५० पर्यंत आणली. ‘दाते सूची’ म्हटले की आजही जुन्या ग्रंथपालाचा हात नकळत संदर्भ विभागाच्या कपाटाकडे जातो. एखादे पुस्तक आपल्या ग्रंथालयात नाही म्हणजे ते मराठीत नाहीच असे नव्हे, हे वाचकाला एका जागी बसून कळण्याची सोय या सूचीने केली. अनेक संग्रहांतल्या नोंदी एका क्रमात आणायच्या, एकच पुस्तक दोनदा आले तर ओळखायचे, एकाच लेखकाची तीन नावे असतील तर ती जोडायची. आजची यंत्रे हेच करतात. दात्यांनी ते हाताने केले.

एकेका ग्रंथालयापुरते हे काम तालिकापत्रे करत. लाकडी कपाटाच्या अरुंद खणात लेखकाचे एक पत्र, शीर्षकाचे एक, विषयाचे एक. यांच्यात मधूनमधून आणखी एक पत्र असे, आणि माझ्या मते सगळ्या कपाटात तेच सर्वांत मोलाचे. त्यावर पुस्तकाची नोंद नसे. नुसते एक नाव आणि पुढे ‘पाहा’. वाचक ज्या नावाने शोधत येईल ते वर, ग्रंथालयाने स्वीकारलेले नाव खाली. या ‘पाहा’ पत्राकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

पत्रावरची नोंद यंत्राला वाचता यावी म्हणून १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्हराम यांनी ‘मार्क’ हा आराखडा घडवला. लेखकाला १०० क्रमांकाचा रकाना, शीर्षकाला २४५ क्रमांकाचा. मूळ कल्पना इतकी साधी. पण सगळ्यांनी तेच रकाने वापरायचे ठरवल्यामुळे एका ग्रंथालयाची नोंद दुसऱ्याला जशीच्या तशी उचलता आली. १९६७ मध्ये ओहायोतल्या महाविद्यालयांनी ओसीएलसी ही संस्था काढली आणि १९७१ पासून तिची सामाईक संघतालिका, म्हणजे अनेक ग्रंथालयांच्या नोंदींची एकत्र तालिका, चालू झाली. त्याच सुमारास ‘डायलॉग’ ही व्यावसायिक सेवा आणि ‘मेडलाइन’ ही वैद्यकाची सूची यांनी लेखांच्या सूच्या दूरध्वनीच्या तारेवरून शोधता येतील अशी सोय केली. पुस्तके एकीकडे, लेख दुसरीकडे, ही फाळणी इथेच पक्की झाली. तालिकेत पुस्तके सापडत आणि लेखांसाठी प्रत्येक व्यावसायिक डेटाबेसची वेगळी आज्ञाभाषा शिकावी लागे.

ही भिंत पाडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न म्हणजे ‘झेड ३९.५०’. नाव रुक्ष, कल्पना सुंदर. १९८८ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली, १९९८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. तुमचा संगणक ठरलेल्या भाषेत प्रश्न पाठवतो, पलीकडचा आपल्या पद्धतीने शोधतो आणि उत्तर पुन्हा ठरलेल्या भाषेत परत करतो. यावरूनच २००० च्या आसपास महाशोधाची साधने आली. एक्स लिब्रिस कंपनीचे ‘मेटालिब’ त्यांतले ठळक. वाचक एका चौकटीत शब्द टाकी, आणि ते साधन त्याच क्षणी दहा-वीस डेटाबेसांकडे धाव घेई.

ही पद्धत का थकली ते नीट पाहण्यासारखे आहे. सगळ्यांत संथ डेटाबेस जितका वेळ घेई, तितका वेळ सगळ्या शोधाला लागे; नाहीतर त्याला वगळून पुढे जावे लागे, आणि वगळलेल्यातच हवा तो लेख असे. प्रत्येकाकडून पहिल्या काही डझन नोंदी येत, त्यांचीच सरमिसळ होई. कोणती नोंद अधिक समर्पक हे ठरवायला सगळ्या नोंदी एका जागी कधी नसतच. एखाद्या प्रकाशकाने आपल्या संकेतस्थळाची रचना बदलली की त्याच्यासाठी लिहिलेला जोड तुटे. आणि सगळ्यांना समजेल असाच प्रश्न विचारायचा म्हटल्यावर लेखक, शीर्षक, विषय एवढ्यावरच भागवावे लागे. वैद्यकाच्या सूचीतली बारीक विषयशीर्षके होती तिथेच पडून राहत.

तोडगा उलट्या दिशेने आला. प्रश्न घेऊन दारोदार फिरण्याऐवजी नोंदीच आधी गोळा करून ठेवायच्या. १९९५ मध्ये ओहायोतल्या डब्लिन गावी झालेल्या बैठकीतून ‘डब्लिन कोअर’ हा पुढे पंधरा घटकांचा झालेला सुटसुटीत मेटाडेटा, म्हणजे नोंदीचा साचा, निघाला. ऑक्टोबर १९९९ मध्ये सांता फे इथे संशोधनलेख सर्वांना खुले ठेवणाऱ्या मुक्त संग्रहांचे लोक जमले आणि त्यातून ओएआय-पीएमएच हा नोंदी गोळा करण्याचा नियम २००१ मध्ये आला. ज्याच्याकडे संग्रह आहे त्याने नोंदी उघड्या ठेवायच्या, ज्याला शोध चालवायचा आहे त्याने त्या ठरावीक काळाने वेचून न्यायच्या. ज्वारी काढून एका कणगीत भरावी तसे. नोव्हेंबर २००४ मध्ये गूगल स्कॉलर आले आणि वाचकाला एकाच चौकटीची सवय लागली. ‘समन’ (२००९) आणि तिच्यामागून आलेल्या शोधसेवांनी पुस्तके, लेख, प्रबंध यांची मध्यवर्ती अनुक्रमणिका बांधली आणि महाशोधाचे दिवस संपले.

भारतात या कामाचा कणा म्हणजे विद्यापीठांची ग्रंथालये जोडणारे गांधीनगरचे इन्फ्लिबनेट. १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने हा कार्यक्रम सुरू केला, १९९६ मध्ये त्याला स्वतंत्र केंद्राचा दर्जा मिळाला. विद्यापीठांची संघतालिका ‘इंडकॅट’, महाविद्यालयांसाठी ‘सोल’ हे सॉफ्टवेअर, प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ ही सगळी त्याची कामे. आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची डिजिटल प्रत देणे बंधनकारक केले, तिथून शोधगंगा भरू लागली. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ रोजी देशाला अर्पण झाले. तेही नोंदी गोळा करून एका चौकटीत दाखवते. आणि २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केले: तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, सहा हजारांवर सरकारी संस्था, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. माझ्या उमेदीच्या काळात एका परदेशी नियतकालिकाची वर्गणी भरताना महाविद्यालयाचा जीव जाई. तेव्हा हा आकडा वाचून मला मनापासून आनंद झाला. पण मिळण्याची सोय वेगळी आणि सापडण्याची वेगळी. नियतकालिकाचे दार उघडे आहे हे त्यातला लेख ज्याला सापडतो त्यालाच उपयोगी.

सोलापूरच्या बाबतीत सापडण्याची अडचण तीन ठिकाणी अडते.

पहिली विद्यापीठांची. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले, एका जिल्ह्यापुरते. आता ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने आहे. त्याआधी इथली महाविद्यालये १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, त्याआधी पुण्याला आणि अगदी सुरुवातीची मुंबईला. म्हणजे सोलापूरवर सोलापुरात बसून लिहिलेला १९९० चा प्रबंध कोल्हापूरच्या नावावर असतो. शोधगंगेत विद्यापीठाच्या यादीतून सोलापूर निवडून आत शिरणारा विद्यार्थी आपल्याच गावावरचे चाळीस वर्षांचे काम चुकवतो. विद्यार्थ्यांना मी हे नेहमी आधी सांगतो: विद्यापीठ निवडू नका, विषय शोधा.

दुसरी लिपीची. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू शेजारीशेजारी नांदतात. सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडमध्ये, त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेची वर्णने मराठीत, विणकरांच्या संस्थांचे कागद तेलुगूत. एका लिपीत टाकलेला शब्द दुसऱ्या लिपीतली नोंद उठवत नाही. इंग्रजीत तर शहराचेच नाव दोन प्रकारे लिहिलेले, जुने ‘शोलापूर’ आणि नवे ‘सोलापूर’. इथल्या १९३० च्या मार्शल लॉचा शोध घ्यायचा तर जुन्या वर्णांनीच घ्यावा लागतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथे जन्मले, चिनी ग्रंथालयांत मात्र ते ‘के दिहुआ’ आहेत.

तिसरी अडचण खास मराठीची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांच्या शीर्षकपानांवर ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’ आहे. तालिकाकाराने शीर्षकपान प्रमाण मानून तसेच उतरवायचे असते, आणि वाचक टाकतो ‘गाव’. यंत्राला हे दोन वेगळे शब्द. ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दातले चंद्रकोरीसारखे अर्धे र दोन निरनिराळ्या संकेतांनी लिहिता येते. डोळ्यांना एकच दिसते, शोधाला दोन. युनिकोड ही सगळ्या लिप्यांची सामाईक संकेतपद्धती येण्याआधी टाइप झालेल्या नोंदींची कथा याहून दुःखाची. मी जिथे नोकरी केली तिथे मराठी पुस्तकांच्या नोंदी त्या वेळच्या एका फाँटमध्ये भरल्या होत्या. सॉफ्टवेअर बदलले त्या दिवशी मराठी शीर्षकांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा चिखल दिसला. दोन उन्हाळी सुट्ट्या आम्ही दाखल नोंदवही मांडीवर घेऊन ती शीर्षके पुन्हा टाइप केली.

त्याच कामात ती ‘पाहा’ पत्रे गेली. ज्याला दाखल अंक, म्हणजे पुस्तक ग्रंथालयात येताना मिळणारा क्रमांक, आहे त्याचीच नोंद चढवायची, असा हुकूम होता. ‘पाहा’ पत्रामागे पुस्तक नसते, म्हणून दाखल अंकही नसतो. खणच्या खण संगणकात उतरले आणि ही पत्रे तेवढी मागे राहिली. तांत्रिक अडचण कधीच नव्हती. नावे जोडण्यासाठी ‘मार्क’मध्ये स्वतंत्र प्रमाणनाम नोंद असते, संस्थेचे स्वीकारलेले नाव ११० क्रमांकाच्या रकान्यात, लोकांच्या तोंडचे नाव ४१० मध्ये. २००३ पासून ‘व्हियाफ’ या प्रकल्पात वेगवेगळ्या देशांची राष्ट्रीय ग्रंथालये हीच नावे एकमेकांशी जोडत आली आहेत. लागते ते एवढेच, की ‘जुनी गिरणी’ आणि ‘शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ एकच हे ज्याला माहीत आहे त्याने बसून ते लिहावे. गांधीनगरला किंवा खरगपूरला बसलेल्या माणसाने हे ओळखावे अशी अपेक्षा चुकीची ठरेल.

कपाट भंगारात निघाले तेव्हा मी तेवढी पत्रे मागून घेतली. ‘ज’च्या खणातल्या एका पत्रावर निळ्या शाईत, माझ्याही आधीच्या कुणा ग्रंथपालाच्या अक्षरात लिहिले आहे: जुनी गिरणी, सोलापूर. पाहा: शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. अशी एकशे बारा पत्रे आहेत. ४१० च्या रकान्यात मी आतापर्यंत चाळीस भरली आहेत.