वेल्सच्या माथ्यांवरच्या दगडराशी आणि त्यांच्याभोवती उभे राहिलेले गड

वेल्सच्या नैर्ऋत्येला प्रेसेली नावाच्या डोंगररांगेत वॉयल ड्रिगार्न हा ३६३ मीटर उंचीचा माथा आहे. वर पोचलं की समोर दगडांच्या तीन प्रचंड राशी दिसतात. प्रत्येक राशीत माणसाच्या डोक्याएवढ्यापासून दोघांनी मिळून उचलावे लागतील इतके मोठे दगड आहेत, आणि त्यांना ना चुना लागलाय ना माती. या राशींभोवती तटबंदीची वेटोळी आहेत. तटाच्या आत उतार कापून घरांसाठी सपाट केलेली दोनशेहून अधिक जोती मोजली गेली आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे सगळं एकाच काळातलं, एकाच लोकांचं काम वाटतं. प्रत्यक्षात राशी कांस्ययुगातल्या आहेत आणि तटबंदी लोहयुगातली. दोन्हींच्या मध्ये साधारण हजार वर्षं किंवा त्याहूनही अधिक काळ गेलेला आहे.

वेल्सच्या डोंगरांचा प्राचीन इतिहास समजून घ्यायचा तर या हजार वर्षांच्या अंतरापासूनच सुरुवात करायला हवी असं मला वाटतं. तट आणि घरं उभारणाऱ्यांना दगड हवा होता, भरपूर हवा होता. तो उचलायला तयार अवस्थेत गडाच्या मधोमध पडलेला होता. तरीही त्या तिन्ही राशी जागच्या जागी राहिल्या.

आधी राशींबद्दल. इसवी सनापूर्वी साधारण २२०० ते १५०० या काळात ब्रिटनभर मृतांसाठी अशा राशी रचल्या गेल्या. मातीच्या सखल प्रदेशात मातीचे उंचवटे झाले आणि वेल्सच्या खडकाळ माळांवर दगडांचे ढीग झाले. रचनेत फरक असले तरी गाभा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. मध्यभागी सपाट शिळा उभ्या करून केलेली एक पेटी, तिच्यात दफन किंवा दहनानंतरची हाडं, बऱ्याचदा मातीच्या कलशात ठेवलेली, आणि वर दगडांची भर. कडेने मोठ्या शिळांचं रिंगण असतं. पुष्कळ राशींमध्ये पुढच्या पिढ्यांनीही आपले अस्थिकलश आणून ठेवलेले सापडतात, म्हणजे ही जागा एका अंत्यविधीपुरती नव्हती.

जागेची निवडही डोळसपणे केलेली असे. अनेक राशी अगदी शिखराच्या टोकावर नाहीत, किंचित खाली आहेत. खोऱ्यातून वर पाहिलं की आकाशाच्या रेषेवर रास उठून दिसावी अशा बेताने त्या बसवल्या आहेत. रोजची गुरं-ढोरं, शेतीभाती जिथे चालायची तिथून पूर्वज दिसत राहावेत, असा हेतू यामागे असावा. दक्षिण वेल्समधलं सर्वांत उंच शिखर पेन-अ-वान ८८६ मीटरचं आहे. त्याच्या माथ्यावर आणि शेजारच्या कॉर्न दी शिखरावरही कांस्ययुगातली रास आहे. उत्तरेत तर एका अख्ख्या पर्वतरांगेला, कार्नेधायला, या राशींवरूनच नाव मिळालं. त्यातलं कार्नेध लेवेलिन हे शिखर १,०६४ मीटर उंच आहे. स्नोडनच्या शिखरावरही एक रास होती. आर्थर राजाने मारलेल्या रीता नावाच्या राक्षसाला तिच्याखाली पुरलंय, अशी लोककथा आहे. हा राक्षस म्हणे आपण पराभूत केलेल्या राजांच्या दाढ्यांचा झगा करून अंगावर घ्यायचा.

ग्विनेध परगण्यातलं ब्रिन कादर वानेर या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. जेमतेम नऊ मीटर व्यासाची ठेंगणी रास, आणि तिच्या कडेने बाहेरच्या बाजूला तिरक्या रोवलेल्या टोकदार शिळा. दुरून पाहिलं तर माळावर काट्यांचा मुकुट ठेवल्यासारखं दिसतं. मूळच्या सुमारे तीस शिळांपैकी निम्म्याच आज उरल्या आहेत. असं का झालं, ते पुढे येईलच.

या राशी रचणारे लोक डोंगरावर नुसते मृतांना घेऊन येत नव्हते, तिथे राहतही होते. त्या काळात हवा तुलनेने उबदार आणि कोरडी होती, त्यामुळे आज जिथे फक्त दलदल आणि मेंढ्या आहेत तिथेही वस्ती, कुरणं आणि थोडी शेती होती. इसवी सनापूर्वी साधारण १२०० नंतर पाऊस वाढला आणि गारठाही. सततच्या चराईने आणि झाडतोडीने आधीच कस गेलेल्या जमिनीवर पाणी साचू लागलं आणि पीटचे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचे, थर चढत गेले. उंचावरची शेतं सुटली, लोक खाली सरकले, आणि खालच्या चांगल्या जमिनीवरचा ताण वाढला. गड बांधण्याच्या लाटेमागे हा ताण असावा असं अनेक अभ्यासक मानतात. सगळ्यांचं त्यावर एकमत नाही. काहींच्या मते तटबंदी ही लढाईपेक्षा प्रतिष्ठेची आणि एकत्र जमण्याची जागा होती. मला दोन्हींत विरोध दिसत नाही. आपल्याकडच्या किल्ल्यांवरही युद्ध, धान्यसाठा, दरबार आणि देवी हे सगळं एकत्र नांदलंच.

ऑक्सफर्ड, एडिंबरा आणि कॉर्क इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या अशा गडांची सूची केली. २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यात ४,१४७ जागा होत्या. वेल्समधला सर्वांत देखणा गड म्हणजे लीन द्वीपकल्पावरचा ट्रेर केइरी. समुद्राकडे तोंड केलेल्या तीन शिखरांच्या डोंगरावर, साडेचारशे मीटरहून अधिक उंचीवर तो वसला आहे. कोकणात ज्याला गडगा म्हणतात तशीच बिनचुन्याची रचाई, पण काही जागी उंची तीन मीटरच्या वर. तटावर पहाऱ्यासाठी चालायची वाट आहे आणि तिच्यावर चढायला आतून दगडी उतार केलेले आहेत. आत सुमारे १५० घरांच्या भिंती आजही उभ्या आहेत, काही कमरेइतक्या, काही त्याहून उंच. सुरुवातीची घरं गोल होती. पुढे वस्ती वाढली तशी गोल घरात मधे भिंत घालून दोन खोल्या केल्या, मोकळ्या जागेत चौकोनी खोल्या चिकटवल्या. कुटुंब वाढलं की घराला पडवी काढावी, तसं. आणि गडाच्या माथ्यावर, तटाच्या आतच, कांस्ययुगातली रास आहे. इथेही तिला कुणी मोडलं नाही.

ट्रेर केइरीची दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे रोमन आल्यावरही तो ओस पडला नाही. ऑर्डोविसेस ही उत्तर-मध्य वेल्समधली लढाऊ जमात. रोमन सुभेदार अग्रिकोला याने तिची जवळजवळ कत्तलच केली असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. ही घटना इसवी सन ७७-७८ची. आजच्या कार्नार्वनपाशी सेगोंटियमची रोमन छावणी त्याच सुमारास उभी राहिली. तिथून जेमतेम दिवसभराच्या चालीवर असलेला हा गड मात्र सन ४००च्या आसपासपर्यंत नांदता राहिला. उत्खननात रोमन मातीची भांडी, लोखंडी हत्यारं, सूत कातायच्या चात्या आणि सोन्याचा मुलामा दिलेलं एक सुरेख टाचपीन मिळालं. म्हणजे जेत्यांशी देवाणघेवाण होती, आणि तटाच्या आत जुन्याच रीतीने संसारही चालू होता. इतक्या वाऱ्यापावसात लोक बारा महिने वर राहत की फक्त उन्हाळ्यात गुरं घेऊन येत, हा वाद अजून मिटलेला नाही.

आता नासाडीबद्दल. तीन-साडेतीन हजार वर्षं टिकलेल्या गोष्टींना गेल्या दोनशे वर्षांत जेवढा धक्का बसला तेवढा आधी कधी बसला नव्हता, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१८३३ मध्ये ईशान्य वेल्समधल्या मोल्ड गावाजवळ मजूर एका राशीतून दगड काढत होते. तिथे सोनेरी भूत दिसतं अशी गावात बोलवा होती. दगडांखाली हाडं, अंबरचे मणी आणि चुरगळलेला सोन्याचा पत्रा निघाला. पत्र्याचे तुकडे लोकांनी वाटून घेतले. त्यांतला मोठा भाग १८३६ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे गेला, बाकीचे तुकडे हळूहळू गोळा होत राहिले. सगळं जुळवल्यावर कळलं की हा खांद्यांवरून दंडांपर्यंत येणारा सोन्याचा अंगरखा आहे, एकाच पत्र्यातून ठोकून घडवलेला, आणि इतका अरुंद की सडपातळ बांध्याच्या व्यक्तीलाच तो बसेल. तो ज्या राशीने जपून ठेवला, तिचे दगड मात्र गेले.

ब्रिन कादर वानेरच्या मधोमध एकोणिसाव्या शतकात खजिना शोधणाऱ्यांनी खड्डा केला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लष्कराच्या सरावात एका बाजूच्या शिळा उखडल्या गेल्या. पेनमाइनमौरच्या माथ्यावर ब्राइख-अ-दिनास हा ट्रेर केइरीच्या तोडीचा गड होता. ग्रॅनाइटच्या खाणीने तो १९२०च्या दशकापर्यंत पुरता गिळला. हॅरोल्ड ह्यूज यांनी खाण पुढे सरकत असताना तिथे उत्खनन करून नकाशे काढले, म्हणून निदान तिथे काय होतं ते सांगता येतं. चुनखडीच्या खाणीने डिनोर्बेन या गडाचीही हीच गत केली.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकारी आपल्याकडेही अशा जागा खणत होते. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं १८६०च्या दशकात उकरणाऱ्या रिवेट-कार्नॅक यांनी तिथल्या दगडांवरच्या वाटीसारख्या खळग्यांची तुलना ब्रिटनमधल्या तशाच खुणांशी केली होती. दोन्हीकडच्या लोकांचं नातं जोडण्याचा तो मोह पुढे टिकला नाही. विदर्भातली वर्तुळं लोखंड आणि घोडे वापरणाऱ्या लोकांची, म्हणजे वेल्सच्या बहुतेक राशींपेक्षा बरीच नंतरची आहेत.

प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाचा पहिला ब्रिटिश कायदा १८८२चा. आज वेल्समध्ये हे काम 'कादव' ही शासकीय संस्था पाहते, आणि ट्रेर केइरीच्या ढासळलेल्या भिंतींची दुरुस्ती १९९०च्या दशकात सलग काही वर्षं चालली. खाणींचा धोका ओसरलाय, पण आता चालायला येणाऱ्यांचा वाढलाय. कार्नेधायमध्ये आणि इतरत्रही लोकांनी राशींचे दगड उपसून वाऱ्यापासून आडोसा म्हणून गोल कोंडाळी रचली आहेत. आडोशात बसून डबा खाणाऱ्याला आपण कबरीत बसलोय हे ठाऊकही नसतं. पेन-अ-वानच्या माथ्यावर पावलांनी माती इतकी झिजली की १९९१ मध्ये तिथली रास उघडी पडण्याआधी तिचं उत्खनन करावं लागलं. वर जाणाऱ्यांना सूचना एवढीच असते की दगड उचलू नका, नवे रचू नका आणि तटावर चढू नका, कारण एक दगड निखळला की त्याच्या आधाराने बसलेले वरचे सगळे खाली येतात.