नक्षी आहे, पण टायरचं वय?

‘टायरची नक्षी खोल आहे ना, मग टायर चांगले!’ पोराच्या पहिल्या गाडीसाठी जुनी स्पोर्ट्स कार बघताना हे हमखास ऐकू येतं. नक्षी बघायलाच हवी, पण ती अर्धीच गोष्ट. अशा गाड्या बऱ्याचदा कव्हरखाली उभ्या असतात. नक्षी झिजत नाही, रबर मात्र वयाने कडक होतं आणि ओल्या रस्त्यावरची पकड कमी होते. गगनबावड्याच्या घाटात, भर पावसात हे कळून काय उपयोग?

टायरच्या बाजूला ‘DOT’ (डॉट) या इंग्रजी अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३१४ म्हणजे २०१४ चा २३ वा आठवडा. बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूला असतील. उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर घेतली की दिसतात. स्टेपनीही बघा. दहा वर्षं उलटली असतील, तर नव्या टायरचे पैसे वजा करूनच किमतीचं बोला.