बदकांच्या बंदुकीतून काहीच सुटत नाही

जुने व्हिडिओ गेम जमवणाऱ्या आणि ते आजही आवडीने खेळणाऱ्या मंडळींच्या गप्पांत एक तक्रार हमखास निघते. माळ्यावर पडलेले यंत्र खाली काढले, अॅडॅप्टर जोडला, वायर नव्या एलईडी टीव्हीच्या मागे खोचली, तर मारिओ पूर्वीसारखाच धावतो आणि ‘कॉन्ट्रा’तले दोघे पूर्वीसारख्याच कोलांट्या मारतात; बदकांच्या गेममध्ये मात्र पडद्याला नळी टेकवून चाप ओढला तरी एकही बदक पडत नाही आणि तो कुत्रा गवतातून डोके वर काढून हसत राहतो. यावर घरोघरी दोन निदाने होतात. बंदूक इतक्या वर्षांत खराब झाली, हे पहिले. आणि बंदुकीतून निघणारा किरण नव्या टीव्हीच्या पडद्यातून आत जात नाही, हे दुसरे. पहिले निदान क्वचित खरे असते. दुसरे कधीच खरे नसते, कारण त्या बंदुकीतून कोणताही किरण निघत नाही. ती काही फेकत नाही, ती फक्त बघते.

१९९०च्या दशकात महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत ‘टीव्ही गेम’ म्हणून जे यंत्र आले, ते बहुतेक वेळा निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राची नक्कल असे. मूळ फॅमिकॉम जुलै १९८३ मध्ये जपानात विक्रीस आले, १९८४ मध्ये त्यासाठी ‘डक हंट’ हा बदकांचा गेम निघाला आणि १९८५ मध्ये हेच यंत्र नव्या पेटीत, एनईएस या नावाने अमेरिकेत पोहोचले. आपल्याकडच्या नकलेबरोबर दोन रिमोट, एक बंदूक आणि ९९९९ गेम असल्याची बढाई मारणारी एक कॅसेट मिळे; त्या कॅसेटमध्ये तेच मोजके गेम नावे बदलून पुन्हा पुन्हा येत, हे कळायला फार दिवस लागत नसत.

बंदुकीतून किरण निघतो ही समजूत अगदीच निराधार होती असेही नाही. जत्रेतल्या आणि करमणूक केंद्रांतल्या जुन्या खेळांत खरोखरच तसे होते. अमेरिकेत १९३६ मध्ये सीबर्ग कंपनीने काढलेल्या ‘रे-ओ-लाइट’ या खेळात बंदूक प्रकाशाचा झोत टाकत असे आणि प्रकाश ओळखणारी नळी बदकात बसवलेली असे. निन्टेंडोनेही १९७० मध्ये गुनपेई योकोई यांच्या कल्पनेतून प्रकाशाच्या बंदुकीचे खेळणे काढले; त्यात लक्ष्यामध्ये सौरघट होता. हे सौरघट शार्प कंपनीचे, आणि शार्पच्या वतीने निन्टेंडोशी व्यवहार करणारे मासायुकी उएमुरा पुढे निन्टेंडोतच रुजू होऊन फॅमिकॉमचे रचनाकार झाले. पण लक्ष्य जेव्हा टीव्हीच्या पडद्यावर आले, तेव्हा ही मांडणी उलटी करावी लागली. दुकानातून आणलेल्या टीव्हीच्या काचेत डोळा बसवणे शक्य नव्हते, म्हणून डोळा बंदुकीत गेला आणि प्रकाश टाकण्याचे काम बदकाकडे आले.

एनईएसची बंदूक उघडून पाहिली, तर आत आश्चर्य वाटावे इतके थोडे सामान निघते. नळीच्या तोंडाशी प्लॅस्टिकचे एक भिंग, त्याच्यामागे प्रकाश ओळखणारा एक छोटा डायोड, थोडे सुटे भाग बसवलेली एक पट्टी, चापाला जोडलेला खटका आणि हातात वजन जाणवावे म्हणून घातलेले धातूचे तुकडे. यंत्राकडे जाणाऱ्या वायरीतून ही बंदूक दोनच गोष्टी सांगू शकते: चाप ओढला आहे की नाही आणि समोर उजेड दिसतो आहे की नाही. आपण पडद्यावर नेमके कुठे रोखले आहे हे तिला ठाऊक नसते आणि ते सांगण्याची सोयही तिच्यात नाही. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर कोणते बदक पडले हे यंत्र कसे ठरवते, ही मला या संपूर्ण छंदातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

चाप ओढताच यंत्र पुढच्या चित्रात सगळा पडदा काळा करते. त्याच्या पुढच्या चित्रात बदक जिथे होते, तेवढ्याच जागी एक पांढरा चौकोन काढते आणि बाकी पडदा काळाच ठेवते. काळ्या चित्राच्या वेळी बंदुकीला उजेड दिसला नाही आणि पांढऱ्या चौकोनाच्या वेळी दिसला, तर नेम लागला. बदके दोन असतील, तर पहिल्या बदकाचा चौकोन एका चित्रात येतो आणि दुसऱ्याचा त्याच्या पुढच्या चित्रात. उजेड कोणत्या चित्राच्या वेळी दिसला यावरून कोणते बदक पडले ते कळते. वर्गात शिक्षक एकेक नाव पुकारतात आणि ‘हजर’ हा आवाज कुणाच्या नावानंतर आला एवढेच बघतात, तशी ही हजेरी आहे. जपान-अमेरिकेत टीव्हीवर सेकंदाला साधारण ६० चित्रे येतात आणि आपल्या पाल पद्धतीत ५०, म्हणजे एका नावासाठी मिळणारा वेळ अनुक्रमे सुमारे १७ आणि २० मिलिसेकंदांचा. डोळ्यांना यातले काही सुटे दिसत नाही. फक्त पडदा किंचित लवल्यासारखा वाटतो.

सुरुवातीचे काळे चित्र लबाडी पकडण्यासाठी असते. बंदूक टीव्हीऐवजी बल्बवर रोखली की सगळी बदके पडतात, अशी एक युक्ती तेव्हाची मुले एकमेकांना सांगत. १९७२ मधल्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसी या पहिल्या घरगुती गेमयंत्राच्या बंदुकीला असे फसवता येत असे. ‘डक हंट’मध्ये मात्र बल्बकडे रोखलेल्या बंदुकीला काळ्या चित्राच्या वेळीही उजेड दिसतो आणि नेम बाद ठरतो.

याहून बारीक पहारा बंदुकीच्या आत आहे आणि तो समजण्यासाठी पिक्चर ट्यूबमध्ये शिरावे लागते. डबा टीव्हीच्या पडद्यावर संपूर्ण चित्र एका क्षणी कधीच नसते. ट्यूबच्या मानेतून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत, मानेभोवतीच्या गुंडाळ्यांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे वळत, डावीकडून उजवीकडे एक ओळ लिहितो, परत डावीकडे येतो आणि तिच्याखालची ओळ लिहितो. पालमध्ये पूर्ण चित्र ६२५ ओळींचे असते, पण ते विषम आणि सम ओळींच्या दोन अर्ध्या भागांत पाठवले जाते. सेकंदाला असे ५० अर्धे भाग (वर ज्यांना चित्रे म्हटले ती हीच), म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी आणि एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद. अमेरिकेच्या पद्धतीत हाच आकडा सुमारे १५,७३४ ओळींचा आहे. झोत जिथे आदळतो, तिथला फॉस्फरचा थर चमकतो आणि झोत पुढे सरकताच विझू लागतो. निळ्या आणि हिरव्या रंगासाठी वापरलेल्या झिंक सल्फाइडचा उजेड मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने उतरतो. लाल रंगासाठीचे युरोपियमयुक्त संयुग त्या मानाने रेंगाळते.

आता बंदुकीचे भिंग पडद्यावरच्या एका लहानशा वर्तुळाकडे रोखलेले आहे आणि त्या वर्तुळात पांढऱ्या चौकोनाच्या, समजा, ३० ओळी येतात असे धरू. झोत पहिल्या ओळीवरून जाताना त्या वर्तुळात एक चमक उठते आणि उतरते. ६४ मायक्रोसेकंदांनी दुसऱ्या ओळीची चमक उठते. असे करत दोन मिलिसेकंदांहूनही कमी वेळात ठरावीक अंतराने ३० ठिणग्या डायोडसमोरून जातात. बंदुकीतल्या पट्टीवर एक चाळणी-मंडल असते. ते सेकंदाला सुमारे १५ ते १६ हजार वेळा लवलवणारा उजेडच पुढे जाऊ देते आणि बाकी सगळा अडवते. खिडकीतले ऊन स्थिर असते, ते अडते. घरातला बल्ब आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो, तोही अडतो. थोडक्यात, ही बंदूक ‘उजेड’ ओळखतच नाही. ती फक्त पिक्चर ट्यूबची लवलव ओळखते. शिवाय पालच्या आणि अमेरिकी पद्धतीच्या ओळींच्या गतीत एक टक्क्याहून कमी फरक असल्यामुळे, अमेरिकी पद्धतीसाठी जुळवलेली चाळणी पालच्या टीव्हीपुढेही अडखळत नाही.

पुढच्या काळात याच लवलवीचा आणखी हुशारीने उपयोग झाला. झोत या क्षणी कोणत्या ओळीवर आणि ओळीत कुठे आहे, हे यंत्राला नेहमीच ठाऊक असते, कारण ते चित्र यंत्रच पाठवत असते. तेव्हा बंदुकीला चमक दिसली त्या क्षणी हे दोन्ही आकडे गोठवून ठेवले, तर चौकोन न काढताही नेमाची जागा थेट हाती येते. निन्टेंडोच्या १९९२ मधल्या सुपर स्कोपमध्ये हीच पद्धत होती. या गणितात एका ठिपक्याच्या वाट्याला एका मायक्रोसेकंदाचा पाचवा हिस्साही येत नाही, म्हणजे खोलीत बसून केलेल्या नेमबाजीत जागेचे मोजमाप पूर्णपणे वेळेच्या मोजमापाने होते.

एलसीडी पडद्यापुढे, म्हणजे घरच्या एलईडी टीव्हीपुढेही, ही सगळी व्यवस्था दोन ठिकाणी कोसळते. नवा टीव्ही जुन्या यंत्राचा संकेत आला तसा दाखवत नाही. तो आधी त्याचे आकड्यांत रूपांतर करतो, अख्खे चित्र स्मृतीत साठवतो, ते विषम-सम ओळींचे अर्धे चित्र आहे असे समजून जोडू पाहतो, मोठ्या पडद्याच्या मापात ताणतो आणि मग दाखवतो. यात कित्येक मिलिसेकंद, काही टीव्हींत तर अनेक चित्रांइतका वेळ जातो. पांढरा चौकोन पडद्यावर उमटतो तेव्हा यंत्राने हजेरीचे पुस्तक कधीच मिटलेले असते. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. एलसीडीच्या मागे एलईडी दिव्यांचा उजेड एकसारखा जळत असतो आणि पडद्यावरचा पांढरा ठिपका पुढचे चित्र येईपर्यंत पांढराच राहतो. त्यात ६४ मायक्रोसेकंदांची लवलव नाही. म्हणून उद्या कुणी चित्राला क्षणाचाही उशीर न करणारा एलसीडी टीव्ही बनवला, तरी बंदुकीच्या चाळणीला तो ऊन पडलेल्या भिंतीसारखाच वाटेल.

मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रे टिपणारे स्लो मोशन चित्रण असेल, तर हा फरक घरच्या घरी पाहता येतो. ट्यूबच्या टीव्हीवर बदकांचा गेम लावून चाप ओढतानाचे चित्रण हळू गतीने पाहावे. पडदा कधीच सबंध उजळलेला सापडत नाही. एक उजळ पट्टा वरून खाली सरकताना दिसतो, मध्येच पडदा काळा होतो आणि मग बदकाच्या जागी ठसठशीत पांढरा चौकोन उमटतो. एलसीडीवर तोच चौकोन येतो, पण उशिरा येतो आणि ठाण मांडून बसतो.

या छंदाच्या निमित्ताने एका जुन्या अंधश्रद्धेबद्दलही बोलायला हवे, ती म्हणजे कॅसेटमध्ये फुंकर मारण्याची. गेम सुरू झाला नाही की कॅसेट काढायची, खालच्या फटीत जोरात फुंकायचे आणि पुन्हा बसवायची, हा विधी जगभरच्या मुलांनी एकमेकांना न विचारता शोधून काढला होता. त्याने गेम सुरू होई ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे, कारण त्या हालचालीत संपर्कपट्ट्या नव्याने घासल्या जात. फुंकरीतली वाफ उलट तांब्याच्या पट्ट्यांवर गंज चढवते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा पट्ट्यांवरून फिरवणे हा खरा उपाय आहे. दुसऱ्या टोकाची श्रद्धा पैशाची आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची कधीच न उघडलेली, सीलबंद प्रत २० लाख डॉलरना विकली गेल्याच्या बातमीने आपल्याही माळ्यावर घबाड असल्याचे अनेकांना वाटू लागले. आपल्याकडच्या नक्कल कॅसेटना असे मोल येणार नाही, आणि जी कॅसेट यंत्रात कधी जाणारच नाही, तिला गेम का म्हणावे हेही मला उमगलेले नाही.

बंदुकीचे गेम खेळायचे असतील, तर यंत्राइतकेच टीव्हीकडे लक्ष द्यावे लागते. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा भंगारवाल्याकडे मिळणारा साधा १४ किंवा २१ इंची डबा टीव्ही या कामाला उत्तम. ट्यूबच्या अखेरच्या काळात निघालेले १०० हर्ट्झचे महागडे टीव्ही मात्र टाळावेत. ते चित्र स्मृतीत साठवून दुप्पट गतीने, सेकंदाला ३१,२५० ओळींनी लिहितात, त्यामुळे ट्यूब असूनही बंदूक त्यांच्यापुढे आंधळीच. टीव्ही बंद पडला तर मागचे झाकण स्वतः उघडू नये, कारण रंगीत ट्यूबला २० हजार व्होल्टहून अधिक दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही तो भार आत टिकून राहू शकतो. कॅमेरा बसवलेल्या नव्या बंदुका एलसीडीसमोर चालतात. त्यांतली सिंडेन ही बंदूक पडद्याच्या कडेने काढलेली पांढरी चौकट पाहून नेमाची जागा ठरवते. पण तिला संगणक आणि त्यावर चालणारी जुन्या यंत्राची नक्कल करणारी आज्ञावली लागते, आपली कॅसेट आणि आपले यंत्र तिच्या उपयोगी पडत नाही.

जुनी बंदूक विकत घेताना ती तपासणेही सोपे आहे. चाप ओढल्यावर पडदा लवलाच नाही, तर खटका किंवा वायर गेली आहे. पडदा लवतो, पण ट्यूबच्या टीव्हीवरही बदक पडत नाही, असे असेल तर आधी टीव्हीचा ब्राइटनेस वाढवावा, मग नळीच्या तोंडाचे भिंग पुसावे, आणि त्यानंतरही फरक पडला नाही तरच डायोडला दोष द्यावा. एलईडी टीव्हीसमोर बंदूक दाखवून ‘बिघडलेली आहे’ म्हणत कुणी ती स्वस्तात देत असेल, तर ती बहुधा धडधाकट असते.