नळ बंद झाला, ओढ तीच राहिली

‘समलिंगी पुरुषांत पुरुषी हार्मोन कमी असतं, चार इंजेक्शनं दिली की गडी ताळ्यावर येतो’ ही समजूत अजून डोकं वर काढते. हा प्रयोग केव्हाच करून झालाय. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी समलिंगी पुरुषांना टेस्टोस्टेरॉन, म्हणजे तेच पुरुषी हार्मोन, दिलं. काहींची कामेच्छा वाढली, पण ओढ पुरुषांकडेच राहिली. मग ब्रिटनमध्ये उलटा डाव टाकला गेला: ओढ वळत नाही ना, मग इच्छाच मारा.

तिथे १८८५च्या कायद्याच्या कलम ११खाली पुरुषांमधल्या संबंधांना, घराच्या चार भिंतींआडही, दोन वर्षांपर्यंत कैद होती. बायकांचा त्यात उल्लेखच नव्हता. १९५२ साली गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग याच कलमाखाली दोषी ठरले. तुरुंग टाळायचा तर वर्षभर ‘उपचार’: आधी इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनच्या गोळ्या, नंतर मांडीत बसवलेली हार्मोनची कांडी.

या औषधाने शरीरात काय होतं ते पाहण्यासारखं आहे. मेंदूतलं हायपोथॅलॅमस हे केंद्र साधारण दीड-दोन तासांनी जीएनआरएच हे निरोप्या हार्मोन सोडतं. त्यावर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच हे दुसरं हार्मोन सोडते आणि एलएचच्या हुकमाने वृषणातल्या लेडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. पुरेसं झालं हे मेंदूला कळतं कसं? पुरुषाच्या मेंदूतही अरोमाटेज हे एन्झाइम थोड्या टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्राडायॉल, म्हणजे एक इस्ट्रोजेनच, करतं आणि ‘थांबा’ हा निरोप मोठ्या प्रमाणात त्यातूनच जातो. बाहेरून इस्ट्रोजेन देणं म्हणजे टाकी रिकामी असताना बॉलकॉक हाताने वर धरणं. एलएच आटतं, पाठोपाठ टेस्टोस्टेरॉन.

स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन १९३८ साली इंग्लंडमध्ये तयार झालं. नैसर्गिक इस्ट्राडायॉल तोंडाने घेतलं तर यकृत बरंचसं निकामी करतं. स्टिलबेस्ट्रॉल मात्र टिकतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये रोज ३ मिलिग्रॅमने टेस्टोस्टेरॉन वृषणं काढल्यावर उरतं तेवढ्यावर येतं. किंमतही तशीच: नपुंसकता, यकृतात रक्त गोठवणारे घटक वाढून रक्ताच्या गुठळ्या, आणि स्तनांची वाढ. वर्षभरात त्या ऊतीत तंतू धरले की औषध थांबवूनही ती ओसरत नाही, शस्त्रक्रियाच लागते. ट्रान्स स्त्रिया स्वेच्छेने इस्ट्राडायॉल घेतात तेव्हा हीच साखळी त्यांच्या उपयोगी पडते, आणि तिथे स्तनांची वाढ हवीच असते.

या सगळ्या साखळीत कोण आवडतं हे ठरवणारा एकही टप्पा नाही. टेस्टोस्टेरॉन इच्छेचा जोर कमी-जास्त करतं, तिचं तोंड कुठे आहे ते नाही. न्यायाधीशांना हे ठाऊक नसेल. डॉक्टरांनी अमेरिकेतले निष्कर्ष तरी वाचायचे.

वुल्फेन्डन या सरकारी समितीच्या १९५७च्या अहवालाने कायदा बदलण्याची शिफारस केली. इंग्लंड-वेल्समध्ये तो १९६७ साली बदलला, तोही २१ वर्षांवरच्यांसाठी आणि खाजगीतच. ट्युरिंग १९५४ सालीच गेले होते. राजमाफी २०१३ साली मिळाली.

ब्रिटिशांनीच आपल्याकडे आणलेलं कलम ३७७ सहमतीच्या प्रौढ संबंधांपुरतं २०१८ साली गेलं. ‘ओढ बदलण्याचे उपचार’ हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तेव्हा जडीबुटीवाला, बाबा आणि ‘लग्न लावा, सुटेल’ म्हणणारा मामा यांना टाळा. एखादा नोंदणीकृत अ‍ॅलोपॅथी डॉक्टर असलं काही लिहून देत असेल तर चिठ्ठी जपून ठेवा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करताना ती लागेल.