एसीच्या बादलीत किती युनिट?

मे महिन्यात आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये एसीचा पाइप गॅलरीतल्या बादलीत सोडलेला असतो, कारण एकदा ते पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडयांवर पडलं आणि त्या जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. तर एका सकाळी सहज त्या बादलीतलं पाणी मापाने मोजलं. सात लिटर! एका रात्रीत, १० बाय १२ च्या बेडरूममधून. मग डोक्यात बसलंच, एवढं पाणी आलं कुठून आणि ते काढायला माझी वीज किती गेली.

३० डिग्री आणि ८० टक्के आर्द्रता म्हणजे आपली मेमधली नेहमीची चिकचिकीत संध्याकाळ. अशा एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम वाफ असते. एसीने खोली २५ डिग्री आणि ५५ टक्क्यांवर आणली की साडेबारा ग्रॅमच्या आसपास उरते. आमची खोली साधारण ३२ घनमीटर, म्हणजे आतली सगळी हवा पिळली तरी निघणार जेमतेम साडेतीनशे-पावणेचारशे मिली, तीन कप चहा म्हणा. दोन माणसं रात्रभर श्वासातून आणि घामातून टाकतात ते अर्धा-पाऊण लिटर धरा. झालं एक लिटर. उरलेलं सहा लिटर?

ते बाहेरून येतं. दाराखालची फट, सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमधली फट, जिथून मिळेल तिथून खाडीवरची दमट हवा आत शिरते आणि एसी बिचारा ती रात्रभर पिळत बसतो.

आता वीज. एक लिटर वाफेचं पाणी होताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता सुटते, युनिटमध्ये सांगायचं तर एक युनिटचे (म्हणजे ३,६०० किलोज्यूलचे) दोन तृतीयांश. ती बाहेर फेकायची. एसी एक युनिट वीज घेऊन तीन-सव्वातीन युनिट उष्णता बाहेर टाकतो, म्हणून लिटरमागे खर्च ०.२ युनिट. सात लिटरचे जवळपास दीड युनिट! आमचा जुना एसी रात्रीला पाच-सहा युनिट खातो, त्यातला पाव हिस्सा हवा थंड करण्यात नाही तर पाणी करण्यात जातो. गंमत म्हणजे आधुनिक एसीचा जनक विलिस कॅरियर याने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली ती माणसांना गार करायला नव्हतीच, दमट हवेने कागद फुगून रंगांची छपाई बिघडायची म्हणून होती.

सगळ्यात मोठा चोर मात्र वेगळाच निघाला. अटॅच्ड बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन! आमचे चिरंजीव अंघोळ करून तो तसाच चालू सोडतात. सहा इंची फॅनसुद्धा तासाला दोन-अडीचशे घनमीटर हवा ओढू शकतो, बाथरूमचं दार किलकिलं असलं की तो बेडरूममधली थंड हवा खेचून बाहेर फेकतो आणि तेवढीच दमट हवा फटींतून आत येते. आपण पैसे देऊन थंड करायची, फॅनने फेकून द्यायची.

मग दाराखाली रबरी पट्टी, खिडकीला ब्रशवाली पट्टी, आणि एक्झॉस्टच्या बटणावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी. सगळं मिळून काहीशे रुपये. खोली अगदी हवाबंद मात्र करू नका हं, झोपलेल्या माणसाला थोडी ताजी हवा लागतेच.

दुसरी चूक आम्ही खरेदीतच केली होती. दुकानदाराने एवढ्याशा खोलीला दीड टनाचा एसी गळ्यात मारला. (हा टन वजनाचा नाही, एक टन म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी त्याच वेळात बाहेर टाकायची ताकद, साधारण साडेतीन किलोवॅट.) साधा, नॉन-इन्व्हर्टर (म्हणजे एकतर पूर्ण जोरात चालणारा नाहीतर बंद पडणारा) एसी गरजेपेक्षा मोठा असला की खोली झटकन गार करतो आणि बंद पडतो, वाफ काढायला त्याला वेळच मिळत नाही. गार पण ओलसर. मग आपण रिमोट घेऊन अजून दोन डिग्री खाली, आणि बीईईच्या (वीजबचतीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) म्हणण्याप्रमाणे एकेका डिग्रीला सुमारे सहा टक्के वीज जास्त.

त्यापेक्षा २६ वर ठेवा आणि पंखा लावा, वाऱ्याने घाम उडतो आणि अंगाला दोन-तीन डिग्री कमी वाटतं. पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा असेल तर आणखी बरं, साधा पंखा ७५ वॉट खातो, हा तीसेक. शिवाय पंख्याने खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते, ती परत एसीनेच काढायची.



पट्ट्या लावल्यावर बादलीत चार-सव्वाचार लिटर येतं. हे पाणी प्यायचं नाही, कॉइलवरची धूळ आणि जंतू त्यात असतात, पण क्षार जवळजवळ नसतात म्हणून लादी पुसायला मस्त, डाग राहत नाहीत. आई ते कुंड्यांना घालते आणि मोगऱ्याला घालायला पाणी कमी पडतं म्हणून माझ्यावर रागावते.